खोगीरभरतीचं पान

नवरा गेला त्याच आठवड्यात टायपिस्टबाईंनी घरातल्या सगळ्या कात्र्यांना धार लावून आणली. भेटायला येणारी माणसं दारातच चेहरा पाडायची, आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसायची, आणि बाई त्यांच्यासमोर बसून जुन्या पाकिटांवर कात्री चालते का ते बघत असायच्या. "रडून घ्या हो, मोकळं वाटेल," शेजारीण म्हणाली. बाई म्हणाल्या, "बरं." आणि चहा ठेवायला उठल्या.

लोकांना अशा वेळी रडणारी बाई लागते. तिच्या पाठीवरून हात फिरवता येतो, तिला पाणी देता येतं, घरी परतताना आपण काहीतरी करून आलो असं वाटतं. न रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नसतं. मग जिन्यात उभं राहून बोलणं होतं. कुणी म्हणालं धक्का बसलाय. कुणी म्हणालं, पहिल्यापासूनच दगड आहे ती. दोन्ही खरं नव्हतं. बाईंना काही वाटत नव्हतं, एवढंच. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल असतो आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

मुलगी दुसऱ्या शहरातून आली होती. कामाचा उरक दांडगा. तिनं आल्या आल्या बँक, वीजबिल, गॅसची जोडणी असं सगळं मार्गी लावलं आणि मग आईला समोर बसवून म्हणाली, "आई, आता तू माझ्याकडे राहायचंस."

"बरं."

"हे घर भाड्यानं देऊ."

"बरं."

"आतल्या खोलीतले सगळे कागद रद्दीत काढू. चालेल ना?"

"बरं."

इथे मुलगी घाबरली. आतल्या खोलीतल्या कागदाला हात लावला म्हणून तिनं लहानपणी मार खाल्ला होता. साध्या भाजीच्या पिशवीवरूनसुद्धा वाद घालणारी तिची आई आता एकेक गोष्ट अशी सोडून देत होती. घर जातंय, माणूस गेलाय, आणि ही बाई मान हलवतेय.

आतल्या खोलीत होते ते 'फुटकळ'चे अंक. 'फुटकळ' हे एका अनियतकालिकाचं नाव. नियतकालिक ठरल्या वेळी निघतं, अनियतकालिक निघालं तर निघालं. त्याला मालक नसतो, जाहिराती नसतात, कुणी मागितलेलंही नसतं. चार मित्रांनी लिहायचं, स्वतःच छापायचं, स्वतःच दुमडून पिना मारायच्या आणि ओळखीपाळखीच्यांच्या गळ्यात मारायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते बहुधा असल्याच धंद्यांवरून.

बाई तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात टायपिस्ट होत्या. पत्रकं काढायची तर आधी स्टेन्सिल कापावी लागे. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि मेण लावलेल्या पातळ कागदावर नुसत्या अक्षरांचे ठोके मारायचे. अक्षर कागदाला भेदून जाई, आणि मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवून दांडा फिरवला की त्या भोकांतून शाई खाली उतरे. चूक झाली तर त्यावर गुलाबी पातळ रोगण लावून फुंकर घालायची, वाळलं की पुन्हा ठोका. बाईंच्या स्टेन्सिलवर रोगणाचा ठिपका क्वचितच दिसे. एके दिवशी वर्तमानपत्राच्या छापखान्यातला एक किडकिडीत प्रूफरीडर मित्रांच्या कवितांची चळत घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभा राहिला. साहेब जेवायला गेले की एवढं टाइप करून द्याल का, असं त्याचं म्हणणं.

"मला कविता कळत नाहीत," बाईंनी आधीच सांगून टाकलं.

"फारच उत्तम. ज्यांना कळतात ते सुधारायला जातात."

या गृहस्थांना मित्र कानामात्रा म्हणत. कुठल्याही मजकुरात एखादा काना किंवा मात्रा जास्त-कमी झाली की त्यांना ती आधी दिसे. दवाखान्याच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर आपण कशासाठी आलो हे विसरून ते कंपाउंडरला समजावत बसत. दुसऱ्यांचं लिहिलेलं रात्रंदिवस तपासत, आणि स्वतः मात्र एक ओळ लिहीत नसत. "लोकांच्या चुकांवर माझं पोट चालतं," ते म्हणत, "त्यात आपली भर कशाला?"

पहिला अंक टाइप होत आला तेव्हा एक अडचण निघाली. कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात. म्हणून असल्या अंकाची पानं नेहमी चारच्या पटीत, त्यातून सुटका नाही. बाईंनी कोरे कागद दुमडून त्यांवर पानांचे आकडे घातले, म्हणजे डमी केली, कुठला मजकूर कुठे बसतो ते बघितलं, आणि शेवटून दुसरं पान रिकामं राहिलं. रिकामं पान वाईट दिसतं. हसताना दिसणाऱ्या पडक्या दातासारखं सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं.

"तुम्ही लिहा की काहीतरी," बाई म्हणाल्या.

"मला काही म्हणायचं नाहीये."

"मग तसं म्हणा. मी टाइप करते. साहेब यायच्या आत आटपा."

कानामात्रांनी इकडेतिकडे बघितलं. खोलीच्या कोपऱ्यात प्यायच्या पाण्याचा नळ होता, आणि पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातल्या त्या नळाला पाणी नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या त्या नळाबद्दल सांगायला सुरुवात केली. बाईंची बोटं हसण्यानं दोनदा अडखळली आणि त्या दिवशी गुलाबी रोगण बरंच लागलं. शीर्षक काय देऊ, असं विचारल्यावर ते म्हणाले, "खोगीरभरती. खोगिरात काय, हाताला लागेल ते कोंबायचं असतं."

अंक वाटला गेला आणि जो भेटेल तो नळाचंच बोलू लागला. कवी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी रक्त आटवून लिहावं आणि लोकांनी अंक मागून उघडावा! पण वाचकाच्या हाताला कोण काय करणार?

पुढे लग्न झालं ते ओघानंच. बाईंना मात्र एक गोष्ट पक्की कळली होती. या माणसाला लिही म्हटलं की तो लिहिणार नाही. त्याच्या लेखी स्वतःहून पान मागणं म्हणजे आगाऊपणा. पण पान उरलंच तर ते कोरं ठेवणं हा त्याहून मोठा गुन्हा. तेव्हा प्रत्येक अंकात एक पान उरलं पाहिजे, आणि ते पान आपोआप उरलंय असं दिसलं पाहिजे. बाईंनी ते काम हाती घेतलं. ओळींतलं अंतर अर्ध्या घरानं कमी करायचं, समास जरा आवळायचा, शीर्षक वर सरकवायचं, दोन लहान कविता एकाच पानावर नांदवायच्या. एकदा काही केल्या जमेना तेव्हा त्यांनी एका दीर्घकवितेचं शेवटचं कडवंच गाळलं. कवीच्या ते लक्षात आलं नाही. उलट या खेपेची कविता नेमकी झालीय, असं दोघातिघांनी त्याला कळवलं.

"अहो, एक पान उरलंय," असं त्या दर अंकाला म्हणायच्या.

"पुन्हा?" असं ते दर अंकाला म्हणायचे, आणि पेन शोधू लागायचे.

हरवलेला अनुस्वार दहा हातांवरून ओळखणाऱ्या माणसाला ही चलाखी कधी दिसली नाही, असं बाई धरून चालल्या होत्या. दिसली असेल तर तेही बोलले नाहीत. त्या एका पानात चपलेच्या तुटक्या अंगठ्यावर आलं, लिफ्टमध्ये गप्प उभ्या राहणाऱ्या माणसांवर आलं, मुलीच्या पहिल्या शब्दावर आलं, पेन्शनच्या खिडकीवरच्या "शांतता राका" या पाटीवर आलं.

काळ बदलला तशी यंत्रं बदलली. सायक्लोस्टाइल अडगळीत गेलं आणि कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. आता टाइप केलेल्या पट्ट्या कात्रीनं कापायच्या, गोंदानं डमीवर चिकटवायच्या आणि त्याच्या प्रती काढायच्या. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा पानावर बारीक सावल्यांसारख्या उमटत. कॉम्प्युटर घरी आला तरी बाईंनी कात्री-गोंद सोडला नाही. पडद्यावर पान उरवता येत नाही, असं त्यांचं मत. चार मित्रांपैकी एक साहेब झाला, एक जाहिरातींत गेला, एक देवाघरी गेला आणि चौथा नुसताच भांडून गेला. ज्याच्या-त्याच्या हातात फोन आला. हे सगळं फोनवरच का टाकत नाही, असं लोक विचारू लागले. अंकांचे गठ्ठे लहान होत गेले, पण निघत राहिले.

आणि मग एके दिवशी एक चष्मेवाली मुलगी जिना चढून आली. "काकू, तुम्ही झीन काढता ना?"

"जीन?" कानामात्रा आतून ओरडले. "घोड्यावर घालतात ती?"

"नाही हो काका, झीन! आपलं आपण काढलेलं छोटं मासिक. आता सगळीकडे काढतात."

"म्हणजे खोगीरच ते. आमचा तर जन्म त्याची भरती करण्यात गेला." आणि आपल्याच विनोदावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चष्मेवाली आणि तिची मंडळी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झीनमेळा भरवत. नवरा-बायको दरवर्षी तिथे एका टेबलावर जाऊन बसू लागले. आजूबाजूला एकेक तऱ्हा असे. कुणी आपल्या मांजरावर झीन काढलेली, कुणी आपल्या झोप न लागण्यावर. एक काडेपेटीत मावेल एवढी, एक उलगडली की चादरीएवढी. काही इतक्या देखण्या रंगांत छापलेल्या, की उघडायला हात धजू नये. निम्म्या पोरांना काय म्हणायचंय ते बाईंना कळत नसे, पण पिना सरळ मारतात एवढं त्यांनी कबूल केलं होतं. पोरं या दोघांकडे संग्रहालयात आल्यासारखी येत. कानामात्रा त्यांच्या झिनींतल्या चुका पेन्सिलनं दुरुस्त करून देत, आणि पोरं त्यावर त्यांची सही मागत.

नवरा गेल्यावर चष्मेवाली भेटायला आली तेव्हा तिनं बाईंना रडायला सांगितलं नाही. ती म्हणाली, "काकू, मेळा जवळ आलाय. काकांवर अंक काढू या?"

"बरं."

मुलीलाही ते पटलं. शेवटचा अंक निघू दे. मेळ्यात वाटला की दुसऱ्या दिवशी रद्दीवाला येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सामान हलेल. तिच्या मनात आणखी एक आशा होती. बाबांबद्दलचं एवढं सगळं टाइप करताना आईचा बांध कुठेतरी फुटेल.

कसला फुटतोय! लेख आले. जुन्या वाचकांचे आले, छापखान्यातल्या माणसांचे आले, भांडून गेलेल्या चौथ्या मित्राचाही आला. सगळ्यांनी त्यांना निगर्वी म्हटलं होतं, आणि तिघांनी तो शब्द तीन प्रकारे लिहिला होता. बाई पाठ ताठ ठेवून टाइप करत होत्या. त्यांच्या नवऱ्याबद्दलची वाक्यं डोळ्यांतून शिरत होती आणि बोटांतून बाहेर पडत होती, मध्ये कुठे थांबत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे त्या सुधारत गेल्या. मुलगी दाराशी उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि परत जायची.

मग डमी झाली. धार लावलेल्या कात्र्या चालल्या, गोंद लागला, आणि बाई मूळ पानं घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. दुकानदार जुना. त्यानं सवयीनं पानं उलटून बघितली आणि शेवटून दुसऱ्या पानावर थांबला. वर नेहमीच्या जागी, नेहमीच्या वळणात 'खोगीरभरती' ही पट्टी चिकटवलेली होती. खाली काही नव्हतं.

"बाई, हे पान कोरं आहे."

"ते यायचंय," बाई म्हणाल्या.

इतकी वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. ते पान नेहमीच मागून यायचं. कानामात्रा डुलत डुलत यायचे, दुकानदाराचंच पेन मागून घ्यायचे, काउंटरवर रेलून त्या पानावरच मजकूर पुरा करायचे आणि पेन खिशाला लावून निघून जायचे. दुकानदार त्यांना शेवटचं पोचवायलाही गेला होता. पण बाईंचा चेहरा बघून त्यानं नुसतं "थांबतो मग" म्हटलं.

बाई वाट बघत होत्या का? कुणी विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि ते खरंही असतं. त्यांनी नेहमीसारख्या ओळी आवळल्या होत्या, नेहमीसारखा समास कमी केला होता, चौथ्या मित्राचा लांबलेला शेवट कापला होता, आणि नेहमीसारखं पान उरलं होतं. माणूस गेल्याचं सगळ्या जगाला कळवून झालं होतं. त्यांच्या हातांना तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

मेळा तोंडावर आला तसा दुकानदाराचा फोन आला. तो मुलीनं घेतला. "ताई, ते एक पान यायचं होतं…" मुलीला घर आवरता आवरता पानाचं कुठून कळणार? ती म्हणाली, "आहे तसं छापा हो. उद्या सकाळी हवेत."

मेळ्याच्या दिवशी हॉल भरला होता. बाई आपल्या टेबलामागे बसल्या होत्या. शेजारची खुर्ची चष्मेवालीनं आधीच हलवून ठेवली होती, शहाणी पोर. लोक येत होते, मुखपृष्ठावरचा कानामात्रांचा फोटो बघून हळू आवाजात काही म्हणत होते, आणि बाई "बरं" म्हणून अंक पुढे करत होत्या. छापून आलेला अंक त्यांनी स्वतः उघडून बघितला नव्हता. मुलगी खिडकीपाशी उभी राहून फोनवर रद्दीवाल्याला पत्ता समजावत होती.

एक गृहस्थ आले. केसांची शेपटी बांधलेली, गळ्यात कॅमेरा, कुठल्याशा कॉलेजात कला शिकवणारे. त्यांनी अंक हातात घेतला, शिकल्यासवरल्या माणसासारखा आधी कागद चोळून बघितला, मग पानं उलटत गेले आणि एकदम थांबले.

"वाह!"

बाईंनी वर बघितलं.

"काय कल्पना आहे! वर 'खोगीरभरती' आणि खाली काहीच नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ही शांतता. अहो, हे एक पान बाकीच्या अख्ख्या अंकाच्या तोडीचं आहे. कुणाला सुचलं हे?"

"कुठलं पान?"

त्यांनी अंक उलटा करून बाईंपुढे धरला. बाईंनी पान बघितलं. त्यावर हात फिरवला. पान गुळगुळीत होतं, शीर्षकाखाली त्यावर काहीही उमटलेलं नव्हतं.

"ही कल्पना नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, म्हणजे कलेच्या दृष्टीनं—"

"कला नाही हो ही!" बाईंचा आवाज असा चढला की पलीकडच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. "कला कसली आलीय त्यात! हे पान लिहायचं राहिलंय!"

गृहस्थांना अंक ठेवावा की हातात धरावा ते कळेना.

"एवढी वर्षं मी ओळी आवळून आवळून यांच्यासाठी पान उरवलं. लोकांची कडवी गाळली. पान उरल्याशिवाय लिहायचं नाही म्हणजे नाही, असला हट्टी माणूस! याही वेळी मी जागा ठेवली होती. त्यांच्यावरच्या अंकात त्यांना जागा ठेवली होती हो मी. आणि हा माणूस न लिहिता मेला!"

इतके दिवस सगळे 'गेले' म्हणत होते. 'वारले' म्हणत होते. हा दुसरा शब्द बाईंच्या तोंडून पडला आणि तो पहिल्यांदा त्यांनीच ऐकला. मग त्यांना इतका राग आला की टेबलाची कड घट्ट धरावी लागली. नवऱ्याचा राग, कोऱ्या पानाचा राग, त्या शेपटीवाल्या बिचाऱ्याचा राग. रागामागून रडू आलं. ते शोभेलसं नव्हतं. तोंड वाकडं करून, नाक गळत, लहान मुलासारखा सूर लावून त्या भर हॉलमध्ये रडल्या, आणि ज्यांनी ज्यांनी त्यांना रडायला सांगितलं होतं त्यांपैकी तिथे असलेल्या शेजारणीलाही काय करावं ते सुचलं नाही.

मुलगी फोन तसाच चालू ठेवून धावत आली. तिनं आईला खांद्याला धरलं. तीही रडत होती. "चल आई, घरी जाऊ. उठ. एकदा माझ्याकडे आलीस ना, की सगळं—"

"नाही."

"काय नाही?"

"मी येत नाही तुझ्याकडे."

"आई, अगं सगळं ठरलंय. तू बरं म्हणाली होतीस."

"मी कशालाही बरं म्हणत होते. मला कुठे काही कळत होतं!" बाईंनी पदरानं नाक पुसलं. पुन्हा हुंदका आला, त्यांनी तो येऊ दिला. "तुझ्याकडे नाही जमायचं मला. मी रडायला लागले की जावईबापू टीव्हीचा आवाज कमी करणार, नातवंडं दाराआडून बघणार, आणि तू लगेच पाणी आणणार. मी आपली दोन मिनिटांत डोळे पुसून बसणार. मला घरी जाऊ दे, माझ्या घरी. मला आत्ताशी रडू यायला लागलंय गं, आणि ते पुष्कळ आहे."